अंधाराचं बारसं

रंगमंचावर माझ्या वाट्याला आलेली पहिली भूमिका अंधाराची होती. वय आठ. आमच्या चर्चचं नाताळचं नाटक थेट बायबलमधल्या उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायापासून सुरू व्हायचं, त्यामुळे गव्हाणीपर्यंत पोचेस्तोवर रात्रीचे साडेदहा वाजत आणि बाळ येशू खरोखरच झोपी गेलेला असे. सण्डे स्कूलच्या बाईंनी पोरांना रांगेत उभं केलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली आणि बोट माझ्यावर ठेवलं. निकष कुणी सांगितला नाही. सांगायची गरजही नव्हती, घरी आरसा होता. कंपाउंडरसाहेबांचा गोरापान मुलगा प्रकाश झाला. त्याच्या हातात पेटता कंदील, माझ्या अंगावर आजोबांचं टोचरं घोंगडं. त्याला दोन ओळींचा संवाद, मला एकही नाही. मला एवढीच सूचना, की तो आला की ओरडत पळायचं. मी इतका मनापासून पळालो की पायरीवरून घसरलो आणि गुडघा फोडून घेतला. मंडळी खूश. शेवटच्या प्रार्थनेत पाळकसाहेबांनी देवाचे आभार मानले, की त्याने अंधाराला आमच्यातून हाकलून लावलं. अंधार त्या वेळी मागच्या खोलीत गुडघ्यावर हळद दाबून बसला होता.

त्यानंतरची साठ वर्षं मी याच अध्यायावरचे उपदेश ऐकतो आहे. पाळक बदलले, बाकं बदलली, छताचे पत्रे जाऊन स्लॅब आला, उपदेश तोच. अंधार म्हणजे सैतान. अंधार म्हणजे पाप. अंधार म्हणजे अज्ञान, व्यसन, शेजारच्या आळीतलं देऊळ, आणि अलीकडे मोबाईल. देवाने पहिल्याच दिवशी या शत्रूचा नायनाट केला, हालेलुया. भारनियमनाच्या काळात एकदा हा नायनाट ऐन रंगात आला असताना वीज गेली. पाळकसाहेब क्षणभर थांबले आणि गंभीरपणे म्हणाले, "सैतानाला हा संदेश आवडलेला दिसत नाही." सैतानाला इतकी कामं देऊ नयेत. थोडी वायरमनसाठी ठेवावीत.

माझं म्हणणं सरळ आहे. हा नायनाट त्या अध्यायात नाही. ओळींमध्ये नाही, ओळींच्या मध्येही नाही. तो बाहेरून आणून घातलेला आहे, आणि ज्यांनी घातला त्यांनी पहिली पाच वचनं नीट वाचण्याचीही तसदी घेतलेली नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावात बसून हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. काम संपत आलं तेव्हा आयुष्यही संपत आलं होतं. १९२२ साली त्या गेल्या आणि ते बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. त्या बाईच्या श्रमांना शंभर वर्षं उलटून गेली, आणि आमच्या व्यासपीठावर अजून सण्डे स्कूलच्या फ्लॅनेलच्या फळ्यावर अंधार म्हणून चिकटवलेला काळा कागदच धर्मशास्त्र शिकवतो आहे.

तेव्हा मजकूर बघू. पृथ्वी अजून घडलेली नाही. सगळं अस्ताव्यस्त आणि ओसाड. त्यासाठी हिब्रूत तोहू-वा-बोहू अशी शब्दजोडी आहे. फ्रेंच लोक आजही गलक्याला तोहू-बोहू म्हणतात. खाली अथांग पाणी, तेहोम. त्याच्यावर अंधार, होशेख. आणि त्याच पाण्यावर देवाचा रुआख, म्हणजे आत्मा किंवा वारा किंवा श्वास, घिरट्या घालतो आहे. घिरट्यांसाठी वापरलेलं हे क्रियापद पुढे अनुवाद नावाच्या पुस्तकात पिलांवर पंख फडफडवणाऱ्या गरुडासाठी आलं आहे. म्हणजे प्रकाशाचं नावही निघण्याआधी देव कुठे होता? तिथेच, त्या अंधारात, पक्षिणीसारखा पंख पसरून. घाबरलेला नाही, चिडलेला नाही, कंदील शोधत नाही.

मग तो प्रकाशाला बोलावतो. प्रकाश चांगला आहे असं बघतो. प्रकाश आणि अंधार वेगळे करतो. एकाला दिवस म्हणतो, दुसऱ्याला रात्र. संध्याकाळ होते, सकाळ होते, दिवस एक. संपलं. लढाई कुठे आहे? किंकाळी कुठे आहे? घोंगडं पांघरून पळणारा पोरगा कुठे आहे?

लढाई शेजारच्या घरी होती. बाबिलोनच्या 'एनुमा एलिश' या कथाकाव्यात मार्दुक हा देव तियामत या समुद्ररूपी देवीला ठार करतो, तिचं कलेवर सुकलेल्या मासळीसारखं उभं चिरतो आणि अर्ध्या भागाचं आकाश करतो. जॉर्ज स्मिथ या इंग्रज अभ्यासकाने १८७६ साली त्या मातीच्या पाट्यांवरचा मजकूर पुस्तकरूपाने छापला आणि युरोपातल्या बायबल-पंडितांची झोप उडाली. १८९५ मध्ये हेर्मान गुंकेल या जर्मन विद्वानाने म्हटलं, उत्पत्तीचा पहिला अध्याय म्हणजे त्याच युद्धाची पुसट आठवण. तेहोम आणि तियामत हे शब्द नात्यातले. नातं सख्खं की चुलत यावर पंडित अजून भांडतात. भांडोत बापडे. मला त्यातलं एकच दिसतं. शेजाऱ्याकडे रक्ताचा सडा होता आणि उत्पत्ती लिहिणाऱ्याने तो धुऊन काढला. पाणी ठेवलं, अंधार ठेवला, युद्ध गाळलं. एवढा मोठा संपादकीय निर्णय! आणि आमचे उपदेशक दर रविवारी ते गाळलेलं युद्ध उचलून पुन्हा अध्यायात कोंबतात. हातात बायबल मोशेचं, तोंडात गोष्ट मार्दुकची.

आता नावाचं बघा. त्या अख्ख्या अध्यायात देव स्वतः पाचच गोष्टींना नाव देतो: दिवस, रात्र, आकाश, भूमी, समुद्र. सूर्यालाही नाव नाही. चौथ्या दिवशी त्याला नुसती 'मोठी ज्योती' म्हणून लटकावलंय, चंद्राला 'लहान'. आजूबाजूचे लोक सूर्य-चंद्राची पूजा करत, म्हणून त्यांची नावं मुद्दाम टाळली असावीत, असं बरेच अभ्यासक मानतात. सूर्याला जो मान मिळाला नाही तो अंधाराला मिळाला. देवाने त्याला पाळण्यात घातलं आणि नाव ठेवलं: रात्र. शत्रूचं बारसं कुणी करतं का हो? ज्याला मारायचं त्याच्यासाठी कुणी घुगऱ्या शिजवत नाही. नाव ठेवलं म्हणजे घरातला मानला, हक्क सांगितला, जबाबदारी घेतली. इयोबाच्या पुस्तकात तर देव स्वतःच सांगतो, की समुद्र जन्मला तेव्हा दाट अंधार हे मी त्याला गुंडाळायचं दुपटं केलं. दुपटं! आणि आम्ही त्याचं कफन करून बसलोय.

इथे हुशार मंडळी हात वर करतात: पण चांगलं फक्त प्रकाशाला म्हटलंय, अंधाराला नाही. बरोबर. आता पुढच्या तीन वचनांवर जा. दुसऱ्या दिवशी देव आकाश करतो, वरचं पाणी आणि खालचं पाणी वेगळं करतो, आणि हिब्रू मजकुरात त्या दिवशी 'चांगलं' हा शब्द येतच नाही. मग सोमवार सैतानाचा म्हणायचा का? (बहुतेक नोकरदार होकार देतील, पण तो धर्मशास्त्रीय मुद्दा नव्हे.) प्राचीन ग्रीक भाषांतरकारांनाही ते खटकलं असावं, त्यांनी तिथे एक 'चांगलं' पदरचं घातलं. तिसऱ्या दिवशी मात्र तो शब्द दोनदा येतो, म्हणून लग्नासाठी मंगळवार शुभ मानण्याची रीत यहुद्यांत आहे. आणि माणूस? त्यालाही स्वतंत्रपणे चांगलं म्हटलेलं नाही. सहाव्या दिवशी देव केलेलं सगळं बघतो आणि 'फार चांगलं' म्हणतो. त्या सगळ्यात माणूस आला, सोमवार आला, आणि नाव ठेवलेली रात्रही आली. वेगळं केलं म्हणजे टाकलं, असंही काहींचं गणित असतं. दोन भावांची वाटणी झाली, मध्ये बांध पडला, सातबारे निराळे झाले. म्हणून धाकटा लगेच गुन्हेगार ठरत नाही. पाण्याचीही वाटणी झाली, मग वरचं पाणी पवित्र आणि विहिरीचं पापी का?

अंधार देवाने निर्माण केला असं पहिल्या अध्यायात म्हटलेलं नाही, हे खरं. तेहोमचं पाणी निर्माण केलं असंही म्हटलेलं नाही. पाण्याचा बाप्तिस्मा घेताना मात्र कुणाला ही शंका येत नाही.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचा, की एक साधा क्रम आमच्या डोळ्यांसमोर असून दिसत नाही: आधी संध्याकाळ, मग सकाळ. दिवस अंधारापासून मोजायचा. यहुदी लोक हे अक्षरशः पाळत आले. त्यांचा विसाव्याचा दिवस, शब्बाथ, शनिवारी सकाळी नाही, शुक्रवारी दिवेलागणीला सुरू होतो आणि शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसले की संपतो. त्यांच्या मिश्ना या नियमग्रंथाचा पहिलाच प्रश्न असा आहे, की शेमाची संध्याकाळची प्रार्थना केव्हापासून म्हणायची. सकाळची आधी का नाही, असं त्यावरचं भाष्य, तालमूद, विचारतं आणि सृष्टीच्या याच क्रमाकडे बोट दाखवतं.

यात आम्हा मराठी लोकांना परकं वाटावं असं काहीच नाही. कोकणातल्या बेने इस्रायल या यहुदी लोकांना गावकरी शनवार तेली म्हणत, कारण त्यांचा घाणा शनिवारी बंद. हिब्रू पोथ्या हरवल्या, प्रार्थना पुसट झाल्या, पण शेकडो वर्षं हा घाणा थांबवायचं ते विसरले नाहीत. ठाण्याला नोकरीत असताना माझ्या शेजारच्या टेबलावर त्यांच्यातलेच एक गृहस्थ बसत. शुक्रवारी चार वाजले की त्यांची चुळबुळ सुरू. मी एकदा चिडवलं, "एवढी काय घाई? शनिवार उद्या आहे." ते डबा पिशवीत घालत म्हणाले, "तुमचा उद्या. आमचा आत्ता गाडीत बसतोय." त्यांनीच मला सांगितलं, की संध्याकाळला हिब्रूत एरेव्ह म्हणतात, आणि बाराव्या शतकातला भाष्यकार इब्न एझ्रा त्याचं नातं मिसळण्याशी लावतो: ज्या वेळी आकार एकमेकांत मिसळतात ती वेळ. मी म्हणालो, "म्हणजे आमची तिन्हीसांज." ते म्हणाले, "मग तुम्ही लोक तिच्यापासून पळता कशाला?"

याच इब्न एझ्राची एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. राशी या यहुदी भाष्यकाराचा नातू राशबाम याने त्या ओळीचा असा अर्थ काढला होता की उजेड मावळला, मग पहाट झाली, आणि तेव्हा एक दिवस पुरा झाला; म्हणजे दिवस सकाळपासून सकाळपर्यंत. व्याकरणात तो बसतोही. पण असा अर्थ घरोघर पोचला तर शुक्रवारची रात्र शब्बाथातून निसटते. ११५८ साली इंग्लंडमध्ये असताना इब्न एझ्राने याविरुद्ध 'शब्बाथाचं पत्र' लिहिलं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे शब्बाथाने स्वप्नात त्याच्याकडे तक्रारपत्र धाडलं, की तुझ्या घरात माझा अपमान करणारी पुस्तकं आली आहेत. एका रात्रीचा मान राखायला विद्वान माणूस झोपेतून उठून लेखणी उचलतो! आमच्याकडे अंधाराच्या बाजूने स्वप्नातसुद्धा कुणी पत्र लिहीत नाही.

मग हा प्रकाश विरुद्ध अंधार असा सामना आला कुठून? त्याचा एक पत्ता मला ठाऊक आहे. तिसऱ्या शतकात इराणी साम्राज्यात मानी नावाचा धर्मसंस्थापक होऊन गेला. त्याच्या मते विश्वात दोन अनादि राज्यं, एक प्रकाशाचं, एक अंधाराचं, आणि सगळा इतिहास म्हणजे त्यांची झटापट. त्याचे अनुयायी उत्पत्तीची टिंगल करत: प्रकाश करण्याआधी तुमचा देव अंधारात बसला होता म्हणा की! पुढे चर्चचा मोठा धर्मपंडित झालेला ऑगस्टीन तरुणपणी नऊ वर्षं या पंथात होता. बाहेर पडल्यावर त्याने त्यांच्याविरुद्ध पुस्तक लिहिलं. कैसरियाच्या बासिल या बिशपनेही चौथ्या शतकात सृष्टीच्या सहा दिवसांवरच्या आपल्या दुसऱ्या प्रवचनात बजावलं, की अंधाराला दुष्ट शक्ती समजू नका. चर्चने मानीचा पंथ पाखंड ठरवला. आणि आज आमच्या उपदेशात जे ऐकू येतं ते शुद्ध, गाळीव मानी आहे. पाखंडावर शिक्का मारून तेच पाखंड दर रविवारी सव्वा दहाला वाढायचं, याला कौशल्य लागतं.

ऑगस्टीननेही गोंधळ घातलाच. अंधार म्हणजे नुसता प्रकाशाचा अभाव, असं म्हणून त्याने मानीला समोरच्या दाराने घालवलं. आणि पुढे 'देवाचं नगर' लिहिताना पहिल्या दिवसाचा प्रकाश म्हणजे चांगले देवदूत, अंधार म्हणजे पतित देवदूत, असा अर्थ सुचवून परसदार उघडं ठेवलं. तिथून जे आत शिरले ते अजून निघालेले नाहीत.

या अभावाच्या युक्तिवादाचं आजचं रूप तुमच्याही मोबाईलवर आलं असेल. वर्गात एक नास्तिक प्राध्यापक, समोर एक चुणचुणीत विद्यार्थी. विद्यार्थी म्हणतो, सर, अंधार अस्तित्वातच नसतो, तो फक्त प्रकाशाचा अभाव, तसंच वाईट म्हणजे देवाचा अभाव. प्राध्यापक निरुत्तर. शेवटी ठळक अक्षरांत: तो विद्यार्थी होता अल्बर्ट आईन्स्टाईन! या गोष्टीला काडीचा पुरावा नाही. आईन्स्टाईनच्या नावावर खपवलेल्या थापांत ती बरीच वरच्या क्रमांकाची असावी. मला ती आमच्या मंडळीच्या ग्रुपवर अकरा वेळा आली आहे, त्यातली तीन वेळा एकाच माणसाकडून. अहो, पण जे नाहीच त्याला देवाने वेगळं कसं केलं? नाव कुणाचं ठेवलं? निर्गमाच्या पुस्तकात मिसर देशावर तीन दिवस जो अंधार पडला तो हाताला लागेल असा होता, हे काय अभावाचं वर्णन आहे? हिब्रू लेखकाचा अंधार म्हणजे वस्तू आहे, वजनदार. तुम्हाला तो पटो न पटो, पण निदान त्याच्या तोंडी आपलं दहावीचं भौतिकशास्त्र घालू नका.

दुसऱ्या टोकाला फटवाले. पहिल्या आणि दुसऱ्या वचनाच्या मध्ये कोट्यवधी वर्षांची फट आहे, त्या फटीत सैतानाचं बंड झालं, पृथ्वी उद्ध्वस्त झाली आणि अंधार हा त्या शिक्षेचा. स्कॉटलंडच्या थॉमस चामर्सने १८१४ च्या सुमारास ही फट लोकप्रिय केली, कारण भूगर्भशास्त्राची वर्षं कुठेतरी बसवायची होती. १९०९ च्या स्कोफील्ड बायबलने ती तळटिपांत घालून जगभर पोचवली. तळटीप आहे, वचन नाही, एवढंच मी म्हणतो. दगडांचं वय मोजायला बोलावलेली फट सैतानाला भाड्याने गेली. आणि विज्ञानवाले बंधू, जे महास्फोटाआधीचा अंधार उत्पत्तीत शोधतात, त्यांनी जरा चौकशी करावी: आरंभीचं विश्व अंधारं नव्हतं, धगधगतं होतं, सुमारे ३,८०,००० वर्षांनी ते निवळलं आणि त्यानंतर, पहिले तारे पेटेपर्यंत, खरा काळोख आला. क्रम उलटा आहे. दोन्ही पुस्तकं जागच्या जागी राहू द्या.

या सगळ्यांना यशया संदेष्टा मात्र अडचणीचा. पंचेचाळिसाव्या अध्यायात, इराणी राजा कोरेशला उद्देशून, देव निःसंदिग्ध शब्दांत म्हणतो की प्रकाश घडवणारा मीच आणि अंधार निर्माण करणाराही मीच; शांती करणारा मी आणि अरिष्ट आणणाराही मी. निर्माण करण्यासाठी तिथे हिब्रूतलं 'बारा' हे क्रियापद आहे, उत्पत्तीच्या पहिल्याच ओळीतलं, आणि ते प्रकाशाला नव्हे, अंधाराला लावलेलं आहे. यहुद्यांच्या सकाळच्या प्रार्थनेत हे वचन घेतलं आहे, पण शेवटचं अरिष्ट जिभेला जड गेलं म्हणून त्या जागी 'सर्व काही' असं ठेवलं. अंधाराला मात्र हात लावला नाही. रोज सकाळी, उजेडात उभं राहून, अंधार निर्माण करणाऱ्याची स्तुती. आमच्या एका तरी उपासनेत हे आहे का? मी शोधलं. अजून शोधतोय.

आणि देव राहतो कुठे? सीनाय डोंगरावर लोक लांब उभे राहिले आणि मोशे दाट काळोखात शिरला, कारण देव तिथे होता. शलमोनाने मंदिर बांधलं, त्याच्या आतला गाभारा वीस हात लांब, वीस रुंद, वीस उंच, आणि अर्पणाच्या वेळी तो म्हणाला की परमेश्वराने निबिड अंधारात राहायचं ठरवलं आहे. दीपस्तंभ बाहेरच्या दालनात, आतल्या खोलीत दिवा नाही. गाभारा म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. वाकून आत जावं, डोळे सरावेपर्यंत थांबावं, मग काहीतरी दिसू लागतं. आमच्या नव्या इमारतीत व्यासपीठामागे एलईडीची भिंत लावली आहे. तिच्यावर सूर्योदय चालू असतो, उपासना सायंकाळची असली तरी.

माझी बाजू जिथे लंगडी आहे ते लपवत नाही. बायबलमध्ये अंधार पुष्कळदा भीतीचा आहे. आमोस परमेश्वराचा दिवस काळोखाचा म्हणतो, इयोब आपल्या जन्मदिवसावर काळोख मागतो, क्रुसावर येशू असताना भर दुपारी तीन तास अंधारून येतं. योहानाचा प्रकाश आणि अंधार तर उघडच एकमेकांविरुद्ध उभे आहेत. पण योहान माणसाच्या मनाबद्दल बोलतो आहे, रात्रीच्या आठ वाजण्याबद्दल नाही. त्याच्याच शुभवर्तमानात मरीया मग्दालीया कबरेकडे येते तेव्हा अजून अंधार आहे, आणि धोंडा आधीच बाजूला झालेला आहे. म्हणजे ज्या घटनेवर आमचा सगळा डोलारा उभा, ती कुणाच्याही डोळ्यांदेखत घडली नाही, काळोखात घडली. प्रकटीकरणाच्या शेवटी मात्र रात्र नसेल असं लिहिलंय, ते माझ्या विरोधात जातं. पण तिथे समुद्रही नसेल असं लिहिलंय. म्हणून वसईच्या ख्रिस्ती कोळ्यांनी होड्या जाळायच्या का? स्तोत्रकर्ता रात्रीकडे कसा बघतो ते एकशे चौथ्या स्तोत्रात वाचा: माणसाची दिवसपाळी, सिंहाची रात्रपाळी, दोघांचा मालक एक.

हे नुसतं पोथीतलं भांडण असतं तर मी गप्प बसलो असतो. या काळ्या कागदाने माणसं रंगवली गेली. रेजिनाल्ड हेबर नावाच्या इंग्रज धर्मगुरूने १८१९ साली एक मिशनरी गीत लिहिलं, त्यात हिंदुस्थानासकट अर्ध्या जगाला काळोखात चाचपडणारं ठरवलं. चार वर्षांनी तो कलकत्त्याचा बिशप झाला. स्टॅन्ली या प्रवाशाने १८७८ मध्ये आफ्रिकेवरच्या पुस्तकाच्या नावातच त्या खंडाला काळोखाचा खंड म्हटलं. अमेरिकेतले गुलामांचे मालक नोहाचा शाप काळ्या कातडीला चिकटवत राहिले. त्या शापाच्या अध्यायात कातडीचा रंग नाही, आणि शाप नोहाचा मुलगा हाम याला नाही, हामचा मुलगा कनान याला आहे. पण वाचतो कोण? आमच्या आजोबा-पणजोबांना याच काळोखातून काढल्याचं सांगण्यात आलं. त्यांनी ते मानलं, बाप्तिस्मा घेतला, आणि चर्चमध्ये मुलीच्या स्थळासाठी आलेल्या पत्रात 'गोरी' हा शब्द अधोरेखित करू लागले. उत्पत्तीत अंधाराला नाव मिळालं. आमच्यात अंधाऱ्या रंगाच्या पोरीला नावं मिळतात.

आणि चेष्टा बघा. देवाने अब्राहामाला रात्री तंबूबाहेर आणून तारे मोजायला लावले, तुझी संतती इतकी होईल म्हणून. त्याला आजच्या पुण्यात हडपसरच्या पुलाखाली उभं केलं असतं तर संतती पंचवीस-तीसवर आटोपली असती. नागपूरकडच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये अंधार-आकाश उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, भारतात पहिल्यांदा. वन खात्याला अंधार जपावासा वाटला.

गेल्या नाताळात माझी नात घरी आली, वय आठ. रंग माझ्यावर गेलाय. दप्तर टाकलं आणि म्हणाली, "आजोबा, मी नाटकात आहे." मी विचारलं, कोण? तिने सांगायच्या आधी मला कळलं. संध्याकाळी पाळकसाहेबांना गाठलं. तरुण आहेत, चांगले आहेत, मला सर म्हणतात. मी अर्धा तास बोललो: यशया, इयोब, गाभारा, सगळं. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "सर, तुमचं बरोबर असेल. पण नाटक आहे ते. मुलांना सोपं हवं. आणि आता प्रॅक्टिस झालीय." घोंगडं आता मिळत नाही, काळं सॅटिन आणलं होतं, मीटरने.

घरी येऊन मी तिला विचारलं, तुझं काम काय? म्हणाली, "लाईट लागला की ओरडत पळायचं." मी म्हणालो, "पळायचं नाही." "मग?" "थोडं बाजूला सरकायचं आणि उभं राहायचं. तिथे तसंच लिहिलंय." तिने बराच वेळ विचार केला. "किती वेळ उभं राहायचं?" मी म्हणालो, "अर्धा दिवस तुझा आहे."

नाटकाच्या दिवशी दिवे गेले, ढोलकीवर थाप पडली, निवेदकाने प्रकाशाला बोलावलं. पांढऱ्या झग्यातला पोरगा टॉर्च घेऊन आला आणि त्याने तो सरळ तिच्या तोंडावर मारला. ती दोन पावलं डावीकडे सरकली आणि थांबली. पोरगा गोंधळला. विंगेतून बाई हातवारे करत होत्या, निवेदक माईक झाकून "जा, जा" म्हणत होता आणि ते "जा" स्पीकरमधून सगळ्यांना ऐकू येत होतं. ती डोळे किलकिले करून उभी. शेवटी त्या पोराने टॉर्च खाली केला आणि तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. आकाश आणि भूमी झालेली मुलं यायची होती, स्टेज लहान होतं, आणि जागा तेवढीच उरली होती.